हिरामणचा बॉट, माझं नाव

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. अजून ठेवत नाहीत. "ते मी नाही लिहिलं, यंत्रानं लिहिलं," असं शपथेवर सांगितलं, तर बाया म्हणतात, "यंत्राला काय तोंड असतं?" मग ऐका आता नीट.

आमच्या आडगावात एक भोळा मोबाईल दुरुस्तीवाला आहे. होता नाही, आहे. माझाच दीर, हिरामण. मी बचत गटाच्या अध्यक्षपदाला उभी राहिले, तर म्हणाला, "वहिनी, गावात जी पोस्ट गाजेल ती आपोआप पुढं पाठवणारा बॉट बनवतो. तुमच्या फोनवरून. रोज तुमचं नाव दिसलं की मतं पडणारच."

"नुसती पाठवू नको. वर दोन गोड शब्द टाक."

"बरं वहिनी."

पहिल्या दिवशी काय गाजलं? पाटलांची म्हातारी गेली ते. दोनशे जणांनी हात जोडले. माझ्या नावानं गेलं, "अभिनंदन! असंच चालू राहू दे."

पाटलीणबाई दारात उभी.

"अरे मुडद्या, अशा वेळी 'फार वाईट झालं, देव सोसायचं बळ देवो' म्हणतात!"

"बरं वहिनी."

दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या पोरीचा साखरपुडा गाजला. "फार वाईट झालं. देव सोसायचं बळ देवो."

नवरदेवाच्या बापानं फोनवर माझ्या सात पिढ्यांची उजळणी केली. नवरदेवानं म्हणे त्याखाली हात जोडले.

"अरे ठोंब्या, तिथं 'जोडा शोभतो, लवकर पाळणा हलू दे' म्हणायचं!"

"बरं वहिनी."

तिसऱ्या दिवशी सरपंचबाई आणि ग्रामसेवक झाड लावतानाचा फोटो गाजला. "जोडा शोभतो. लवकर पाळणा हलू दे."

सरपंचबाईंचे यजमान काठी घेऊन आले. ग्रामसेवकाची बायको नुसतीच आली, ते जास्त वाईट.

मतदान उद्यावर आलेलं. मी हिरामणचा कान धरला. "लोकांना खरं काय ते कळू दे. लिही, 'हे सगळं मी केलं, मला माफ करा.' आणि खाली नाव टाक. पूर्ण!"

"कुठं लिहू?"

"जिथं घाण केलीस तिथंच!"

"बरं वहिनी."

सकाळी बाया मतदानाला रांगेत उभ्या, प्रत्येकीच्या हातात फोन. रात्रीतून मारुतीच्या देवळातली घंटा चोरीला गेली होती. अशी पोस्ट गावात कधी गाजली नव्हती. फौजदारसुद्धा तीच वाचत उभा होता. आणि तिच्यावर, माझ्या फोनवरून:

"हे सगळं मी केलं. मला माफ करा. – शेवंता रामभाऊ गव्हाणे."