बावीस किलोची कुंडी

चिंचखेडला हौसाबाईची रोपवाटिका होती. तिचा नवरा सखाहरी याने तिथल्या एका कुंडीत गांजाचं झाड लावलं, आणि नेमकं ते पोलिसांना सापडलं. त्यांनी झाड कुंडीसकट काट्यावर चढवलं आणि पंचनाम्यात बावीस किलो गांजा लिहून टाकला. वीस किलोच्या वर गेलं की जामीन मिळणं महाकठीण, म्हणून सखाहरी कोठडीतच राहिला.

कोर्टात सरकारी वकील धोंगडे छाती फुगवून म्हणाले, "साहेब, माती मुळांना धरून आहे. ती झाडाचाच भाग!"

जामीनदार म्हणून आलेल्या हौसाबाईला राहवेना. "साहेब, ह्यांनी ते लावायला नको होतं, ते मी घरी बघून घेते. पण कुंडीत लावलं हे बरं झालं. परसात लावलं असतं, तर वकीलसाहेबांनी अख्खा तालुका काट्यावर चढवला असता!"

न्यायाधीशांना हसू आवरेना. त्यांनी झाड उपटून, माती झटकून तोलायला लावलं. ते जेमतेम पाव किलो भरलं आणि सखाहरीला जामीन मिळाला.

दारापर्यंत गेलेली हौसाबाई मागे वळली. "साहेब, नवरा सुटला, पण माझी कुंडी अजून अडकलीय. तिलाही जामीनदार आणू का?"