डिकीतला पत्र्याचा डबा

माणसं मोटारींना नावं ठेवायची आणि मोटारी एकमेकींना, त्या काळातली ही गोष्ट. साताऱ्याच्या एका शेडमध्ये दोन जुन्या स्पोर्ट्स कार विकायला उभ्या होत्या. लाल गाडी आरशासारखी चकचकीत होती, हिरवीचा रंग विटला होता.

"माझ्या इंजिनाला आजवर कुणाचा हात लागलेला नाही," लाल गाडी ठसक्यात म्हणाली. "तुझं तर अख्खं खोललं होतं. तू कसली अस्सल?"



तेवढ्यात गाड्या पारखणाऱ्या इंदुताई सरनोबत आल्या. त्यांनी लाल गाडीचं बॉनेट उघडलं. बोल्टांचे कोपरे पान्यानं झिजले होते, आणि इंजिनवरचा नंबर घासून नव्यानं ठोकला होता.

"हे इंजिन दुसऱ्याच गाडीचं आहे," त्या म्हणाल्या.

लाल गाडी चरकली. मालकानं इतक्यांदा खोटं सांगितलं होतं, की तिलाही ते खरं वाटू लागलं होतं.

हिरवीचा नंबर मूळचाच निघाला. तिच्या डिकीत पत्र्याचा डबा होता. आत जुने पिस्टन, रिंगा, बेअरिंगं फडक्यात गुंडाळलेली होती, आणि प्रत्येकाला मिस्त्रीची चिठ्ठी बांधली होती: "झिजलं म्हणून काढलं. क्षमा असावी."

इंदुताईंनी एकेक चिठ्ठी वाचली. मग चपला काढून त्यांनी डब्याला हात जोडले.

ते पाहून लाल गाडीनं हिरवीला हळूच विचारलं, "बाई गं, माझं इंजिन कुठं पडलं असेल?"