कंपनीने घेतलेले नाव

विषय : कै. कुमुदिनी खटावकर यांचे गाणे इंटरनेटवरून पुसण्यास हरकत.
संदर्भ : संगीत कंपनीची नोटीस.

पुतणीच्या हळदीत म्हटलेले हे गाणे म्हणजे कुमुदिनीबाईंच्या आवाजाची उरलेली एकमेव खूण. ते टिपलेला फोन कधीच बिघडला; गाणे उरले ते फक्त इंटरनेटवर. त्या गाण्याची जुनी पारंपरिक चाल एका कंपनीने आपल्या अल्बममध्ये घातली आणि बाईंच्या गाण्यावरही मालकी सांगितली. गाणे बंद झाले. सोमवारी ते कायमचे पुसले जाणार होते. त्यांचे यजमान दिनकरराव कंपनीच्या कार्यालयात गेले.

व्यवस्थापक सरदेशमुख म्हणाले, "आजोबा, यंत्राने तपासलंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं कंपनीचं."

"शेवटचे शब्दसुद्धा?"

"सगळं म्हणजे सगळं. आवाजही."

दिनकरराव म्हणाले, "मग पंचाईत आहे, साहेब. शेवटी उखाणा आहे. त्यात माझं नाव घेतलंय. आवाज कंपनीचा, म्हणजे नाव कंपनीनं घेतलं. आमच्यात उखाण्यात बाई नवऱ्याचंच नाव घेते. तेव्हा कंपनी नांदायला कधी येते, तेवढं सांगा. पाणी मात्र पहाटे भरावं लागतं."

शेजारच्या टेबलावर कुणाला तरी चहाचा ठसका लागला. सरदेशमुखांनी नोटीस पुन्हा वाचली.

"दावा मागे घ्यायचा अधिकार मला नाही," ते हळूच म्हणाले. "अर्ज द्या. निर्णय होईपर्यंत पुसणार नाही."

अर्ज मुख्य कार्यालयाकडे गेला आहे. गाणे पुसलेले नाही, सुरूही झालेले नाही. दिनकरराव रोज सकाळी लावून पाहतात. अर्ज विचाराधीन आहे.