भुरी पळेना

एक होता चुटकू उंदीर. एक होती भुरी मांजर. रोज भुरी धावायची. रोज चुटकू पळायचा. तुरूतुरू, तुरूतुरू.

एक दिवस पाठलागच झाला नाही. भुरी चुलीमागे गप्प. चुटकूला आला संशय. सोंग तर नाही? त्याने तिची शेपटी ओढली. भुरी हलेना.

"दृष्ट लागली हिला," म्हणाली घरातली यमूकाकू. मीठमोहऱ्या ओवाळल्या. चुलीत टाकल्या. तडतड, तडतड. आणि काकू गेली विहिरीवर.

चुटकू निघाला. तुरूतुरू, तुरूतुरू. भेटली कोंबडी.

"कोंबडीताई, कोंबडीताई, काकूला बोलाव. भुरी पळेना."

"बशीही भरलेलीच. भुरी जेवेना," म्हणाली कोंबडी. "पण उंदराला मांजरीचा पुळका? यात काहीतरी काळंबेरं आहे. कुत्रा भुंकला, तर मी ओरडेन."

तुरूतुरू, तुरूतुरू. भेटला कुत्रा.

"कुत्रेदादा, कुत्रेदादा, काकूला बोलाव. भुरी पळेना, भुरी जेवेना, कोंबडी ओरडेना."

"अंगही मळकं. भुरी अंग चाटेना," म्हणाला कुत्रा. "पण उंदराला मांजरीचा पुळका? यात काहीतरी काळंबेरं आहे. गाय हंबरली, तर मी भुंकेन."

तुरूतुरू, तुरूतुरू. भेटली गाय.

"गाईमावशी, गाईमावशी, काकूला बोलाव. भुरी पळेना, भुरी जेवेना, कोंबडी ओरडेना, भुरी अंग चाटेना, कुत्रा भुंकेना."

"तोंडही ओलं. भुरीची लाळ थांबेना," म्हणाली गाय. "पण उंदराला मांजरीचा पुळका? यात काहीतरी काळंबेरं आहे. गोमाशी चावली, तर मी हंबरेन."

तुरूतुरू, तुरूतुरू. भेटली गोमाशी.

"गोमाशीबाई, गोमाशीबाई, गाईला चाव. भुरी पळेना, भुरी जेवेना, कोंबडी ओरडेना, भुरी अंग चाटेना, कुत्रा भुंकेना, भुरीची लाळ थांबेना, गाय हंबरेना."

"पुळका असो नाहीतर नसो," म्हणाली गोमाशी. "मला चावायला कारण लागत नाही."

गोमाशी चावली, चट्. गाय हंबरली, हम्मा. कुत्रा भुंकला, भो भो. कोंबडी ओरडली, कॉक कॉक. काकू आली, धपधप धपधप.

चुटकू तुरूतुरू गेला आणि भुरीच्या पाठीवर बसला.

काकू बघतच राहिली. "उंदीर पाठीवर, आणि भुरी गप्प? ही दृष्ट नव्हे. हे दुखणं आहे."

भुरीला टोपलीत घातलं. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. "आ कर, भुरे," म्हणाले डॉक्टर. हिरडीत रुतला होता माशाचा काटा. डॉक्टरांनी तो काढला. औषध दिलं.

मग एका सकाळी भुरी दूध प्यायली. लपलप, लपलप. अंग चाटलं. चुटकू बिळातून बघत होता. खरंच बरी, की सोंग? तो थोडा पुढे आला. आणखी थोडा पुढे आला.

झप्! भुरीने झडप घातली. चुटकू पळाला, भुरी मागे. तुरूतुरू, तुरूतुरू, सुळकन बिळात.

शेपटीला नख लागलं होतं. चुटकूला फार बरं वाटलं.