शंखातली खेकडी आणि काठावरची मंडळी

मुलांनो, जंगलातल्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. ही गोष्ट मात्र समुद्रकाठच्या काळ्या खडकांतली आहे. त्या खडकांत एक खेकडी नव्यानेच राहायला आली होती. आपण नेहमी बघतो तशी खेकडी नव्हे बरं का. हिच्या जातीचं पोट उघडं आणि मऊ, सोललेल्या केळ्यासारखं. म्हणून ही मंडळी मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधतात, त्यात शिरतात, आणि जातील तिथे तो ओढत नेतात. घरच पाठीवर, त्यामुळे वाट चुकायची भीती नाही. पण ते घर टेकवायचं कुठे, ही काळजी मात्र रोजची.

एरवी ओल्या वाळूत शंख टेकवला की भागत असे. पण त्या दिवशी उधाणाची भरती येणार होती. उधाणाच्या लाटा वाळूतले शंख उचलतात आणि खडकावर आपटतात. आणि या खेकडीच्या पोटाला अंडी चिकटलेली होती. खसखशीच्या दाण्याएवढी, पण तिचा जीव त्यांच्यातच. शंख गडगडला असता तर ती एकटी जाणार नव्हती. सकाळपासून तिला पाणी गोड लागलं नव्हतं. सारखी आत वळून अंड्यांना हात लावून बघायची, आहेत ना, आहेत ना.

शोधता शोधता तिला एक चांगलं खबदाड सापडलं. तोंड अरुंद, आत शंख नेमका मावेल एवढी जागा, वर खडकाचं छप्पर. पण तोंड पुढे करून आत शिरलं तर आत वळायला जागा नाही. मग बाहेर यायचं कसं? म्हणून शंख मागे सारत सारत पाठीनेच शिरायचं, आणि आपली मोठी नांगी शंखाच्या दारात आडवी धरायची, म्हणजे दार बंद. तिच्या आईने तिला शिकवलं होतं, "मागे बघायला जाऊ नकोस पोरी, मागचं आपल्याला दिसत नसतंच. घर बोलतं, आपण ऐकायचं. खडकाला घासलं की 'खर्र' म्हणतं, तेव्हा जरा पुढे ये. वाळूवरून सरकलं की 'सर्र' म्हणतं, तेव्हा मागे जा. आणि जड, भरीव 'ठक' आलं की समज, घर बसलं. सरक, थांब, ऐक. घाई केलीस तर फसशील."

खेकडी खबदाडाकडे पाठ करून उभी राहिली आणि मागे सरकली. सर्र. थांबली. पुन्हा सरकली. खर्र. जरा पुढे आली. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात समोरून आवाज आला, "अहो वहिनी, अशा कुठे चाललात?"

एक तांबडा खेकडा डोळे वर काढून उभा होता. "सरळ मागे कोण जातं? तिरपं घ्या, तिरपं! आमच्या घराण्यात सगळे तिरपे चालतात, आजवर कुणी अडकलं नाही."

खेकडीच्या ओठावर आलं होतं, 'भाऊ, तुमच्या पाठीवर घर नाही.' पण वस्ती नवी. पहिल्याच दिवशी तोंड वर करून बोलली असं व्हायला नको. "बरं भाऊजी," म्हणून तिने शंख जरा तिरपा घेतला. शंख 'खर्र' वाजला असावा. पण तांबडा खेकडा "हां, अस्संच!" म्हणून ओरडत होता, त्यात तिला तो ऐकू आला नाही.

खबदाडाच्या काठावर एक म्हातारं कालव चिकटलेलं होतं. त्याने आपलं झाकण उघडलं. "पोरी, त्याचं ऐकू नकोस. या खडकाला मी जितकं ओळखतं तितकं कुणी ओळखत नाही. तू अशी वरच्या अंगाने ये. मी नेहमी बघतं, येणारे सगळे वरच्या अंगानेच येतात."

"आजोबा, तुम्ही कधी कुठे गेला आहात का हो?" तांबड्या खेकड्याने खोचकपणे विचारलं.

"मला जायची गरजच काय?" कालव म्हणालं. "जे बसलेत त्यांनाच बसायचं कसं ते कळतं."

म्हाताऱ्याचा मान म्हणून खेकडीने शंख वरच्या अंगाला चढवला. इतक्यात एक टिटवी धावत आली. टिटवीला कुणाचं काही बिघडायच्या आधीच ते दिसतं. "अगं बाई! पडली, पडली! थांब! नको थांबू, पाणी येतंय! अगं तुझी अंडी! अंडी सांभाळ गं बाई!"

अंड्यांचं नाव काढताच खेकडी काम सोडून आत वळली, अंडी चाचपली. होती. पण ती वळली तेवढ्यात शंख घसरला आणि खबदाडाच्या तोंडात आडवा बसला. आता पुढेही येईना, मागेही जाईना.

"मला जरा ऐकू द्या हो," ती म्हणाली. पण फार हळू म्हणाली. ज्याला त्याला आपलाच आवाज ऐकू येत होता.

तेव्हा वरच्या सुळक्यावरून कावळा खाली आला. त्याचं पोट मासळीने भरलेलं होतं आणि त्याला वेळच वेळ होता. "सरका सगळे," तो म्हणाला. "याला वरून बघणारा लागतो. वहिनी, तुम्ही माझ्याकडे बघा, बाकी कुणाकडे लक्ष देऊ नका. हां, येऊ दे. येऊ दे. डावीकडे घ्या. येऊ दे."

खेकडीने डावीकडे घेतलं.

"अहो, माझी डावी!" कावळा ओरडला.

"ती तर तिची उजवी झाली," तांबडा खेकडा म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस, तुला मुळात सरळ कळत नाही. येऊ दे वहिनी, येऊ दे, अजून पुष्कळ जागा आहे, येऊ दे..." आणि खेकडी जागची हलेना तेव्हा कावळ्याने पुढे होऊन, तिला काही न विचारता, चोचीने शंखाला जोरात धक्का दिला.

कट्ट!

"बस्स!" कावळा म्हणाला.

शंखाच्या तोंडाची कड तुटली होती. नखाएवढा पांढरा तुकडा वाळूत पडला. मुलांनो, तेवढा तुकडा तुम्हाआम्हाला काहीच नाही. पण खेकडी ज्या दारावर नांगी आडवी धरणार होती, त्या दाराला आता फट पडली होती.

एकदम सगळे बोलू लागले. कावळा म्हणाला, "मी बस्स म्हटलं होतं." तांबडा खेकडा म्हणाला, "तुटल्यावर म्हटलं." कालव म्हणालं, "वरच्या अंगाने नीट आली असती तर ही वेळच आली नसती." टिटवी म्हणाली, "मी मेली कधीची सांगतेय, पडली म्हणून!" शेवटी कावळ्याने मान झटकली. "चांगलं करायला जावं तर हे असं. हल्लीच्या पोरींना एक धड सांगितलेलं कळत नाही."

आणि तेव्हाच उधाणाची पहिली लाट आली.

कावळा सुळक्यावर उडाला. तांबडा खेकडा तिरपा पळून आपल्या बिळात शिरला. कालवाने झाकण घट्ट लावून घेतलं. टिटवी "सांगत होते, सांगत होते" करत दूर गेली. आडवा शंख आणि त्यातली खेकडी, एवढीच लाटेसमोर उरली. सांगायला सगळे होते. लाट अंगावर घ्यायला ती एकटी.

पाणी आदळलं. तुटलेल्या फटीतून आत घुसलं. खेकडीने दोन्ही काठांना पाय रोवले, सगळं अंग अंड्यांवर आवळून धरलं. लाट मागे वळली तेव्हा तिला कळलं, पोटाची एक बाजू हलकी झाली आहे. पाण्याबरोबर काही अंडी निघून गेली होती. किती गेली ते बघायला ती वळली नाही. मघाशी एकदा वळून बघितलं होतं, तेवढं पुरे होतं.

लाट मागे गेली की समुद्र श्वास घेतो. पुढची लाट यायच्या आत थोडा वेळ सगळं शांत असतं. त्या शांततेत तिने डोळे मिटले. समोर कुणी नव्हतं. कुणी 'येऊ दे' म्हणत नव्हतं. तिने शंख थोडा हलवला.

खर्र.

पुढे आली. शंख सरळ केला. थांबली. ऐकलं. मागे सरकली.

सर्र.

अजून मागे. डोळे उघडले तर पुढची लाट उचलली जाताना दिसली, पांढरी, उंच. आईचं बोलणं तिने मनात घट्ट धरलं. घाई केलीस तर फसशील. सरकली. थांबली. ऐकलं.

ठक.

तिने नांगी दारात आडवी धरली आणि लाट दारावर येऊन फुटली. पण आता शंख हलला नाही. फटीतून पाणी येत होतं, तिथे तिने आपली दुसरी, लहान नांगी लावून धरली आणि पाणी उतरेपर्यंत काढली नाही.

ओहोटी लागली तशी मंडळी परत आली. "बघा," कावळा म्हणाला, "कशी चपखल बसली! माझ्या धक्क्याशिवाय बसली असती का?"

"तिरपं घेतलं म्हणून बसली," तांबडा खेकडा म्हणाला.

खेकडी दारात आली. लहान नांगी तिला अजून उचलवत नव्हती. तिने वाळूतला तो पांढरा तुकडा शोधला, सगळ्यांसमोर ठेवला, आणि म्हणाली, "तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. पण एकानेही मला विचारलं नाही, की तुला काय हवं? विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, घटकाभर गप्प बसा."

कावळ्याने तुकड्याकडे बघितलं आणि उगाच चोच खडकाला घासली.

राहिलेली अंडी पुढे एका भरतीला फुटली आणि पिल्लं पाण्यात गेली. खेकडीने ती मोजली नाहीत. जी गेली होती त्यांची आठवण मात्र तिला फटीतून वारा आला की यायची.

पुढच्या उधाणाला एक तरणी खेकडी शंख ओढत त्या वस्तीत आली. शेजारचं एक खबदाड बघून तिने पाठ फिरवली आणि मागे सरकू लागली. लगेच तांबडा खेकडा बिळातून वर आला. टिटवी धावली. कालवाने झाकण उघडलं. कावळा सुळक्यावरून ओरडला, "येऊ दे, येऊ दे!"

आपली खेकडी दारातच होती. तिला स्पष्ट दिसत होतं की त्या पोरीचा शंख उजव्या अंगाला फार चालला आहे. तिच्या तोंडात शब्द आला, 'अगं, जरा डावीकडे...' पण तिने तो शब्द गिळला, पुढे गेली, आणि हळूच विचारलं, "बाळ, काही मदत हवी का तुला?"

ती पोर घामाघूम झाली होती. "काकी," ती म्हणाली, "तेवढं यांना गप्प करता का हो? मला माझं घर ऐकू येत नाहीये."

खेकडी वळली. तिने आपली मोठी नांगी वर उचलली आणि काही न बोलता सगळ्यांकडे बघितलं. तिच्या शंखाची तुटकी कड सगळ्यांना दिसत होती. टिटवीने चोच मिटली. तांबड्या खेकड्याने डोळे खाली घेतले. कावळ्याचा 'येऊ' बाहेर पडला, 'दे' आतच राहिला.

खडकांवर शांतता पसरली. तिच्या पाठीमागे ती पोर सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती. लांबून लाट येताना दिसत होती, तरी खेकडीने मागे वळून बघितलं नाही. आणि मग तिला तो आवाज ऐकू आला, जड आणि भरीव.

ठक.

तात्पर्य : मदत करण्याआधी विचारावे आणि जी मागितली असेल तीच करावी, ज्याच्यावर लाट येणार आहे, त्याच्या कानात उगाच आपला आवाज भरू नये.