जांभळी घोडी आणि दलदल

फार मागे, बारमाही ओल्या रानात जांभळी नावाची घोडी पाहुण्यांना पाठीवरून फिरवायची. वाटाड्या गणबा लगाम धरून पुढे चालायचा.

एकदा एक बाई पाठीवर असताना गणबाने जांभळीला जवळच्या वाटेकडे ओढलं. जांभळी थबकली.

"पुढे दलदल आहे."

पाहुणीसमोर घोडी आपल्याला शिकवते म्हणून गणबाने चाबूक ओढला.

जांभळी संतापली. "मार हवं तेवढं! पाठीवर माणूस आहे, मी पाऊल टाकणार नाही."

तणतणत गणबा स्वतःच पुढे गेला आणि कमरेपर्यंत रुतला. लगाम अजून त्याच्या हातातच होता; मागे सरत जांभळीने त्याला बाहेर ओढलं.

चिखल पुसत तो बाईंना म्हणाला, "किती खोल आहे, ते बघत होतो."

जांभळीने हिसडा मारून लगाम सोडवला.

"आता तू माझ्या मागून चाल," ती फुरफुरली आणि बाईंना घेऊन परत फिरली.