ठकीच्या वाहत्या कानाची कहाणी

ऐका कानाई माते, तुमची कहाणी. आटपाट गांव होतं, गांवांत कोष्ट्यांची आळी होती. तिथं भिवरा नांवाची कोष्टीण होती. तिची बहीण वारली, मग बहिणीची पोर ठकी तिनं पदरांत घेतली. पोर हाडांची काडी, आणि दोन्ही कान सदा वाहत.

भिवरेनं सासूला विचारलं. सासू म्हणाली, "तेल ओत." तेल ओतलं, कान वाहिला. जावेला विचारलं. जाऊ म्हणाली, "काडीनं कोर." कोरला, कान वाहिला. शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "पोरांचे कान वाहायचेच." मग भिवरेनं विचारणंच सोडलं.

पुढं ठकी हाकेला ओ देईना. भिवरा म्हणे, "पोर माजली," आणि धपाटा घाली. एके दिवशीं ठकी विहिरीच्या पायरीवर झोकांडली. भिवरेनं झडप घालून धरली. पोर म्हणाली, "मावशी, विहीर गरगर फिरते गं!" भिवरा म्हणाली, "कधींपासून गं?" ठकी तिच्या ओठांकडे नुसती बघत राहिली. तेव्हां भिवरेला उमजलं, पोरीला ऐकूंच येत नाहीं. ती रडूं लागली.

कानाई म्हातारीच्या रूपानं पाण्याला आली. "बाई, कां रडतेस?" भिवरेनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मी कानाई. माझा वसा घे. कानांत तेल ओतूं नये, काडी घालूं नये, पाणी जाऊं देऊं नये. मऊ सुताच्या वातीनं बाहेर आलेला पू टिपावा. पोरीला आजच वैदिणीकडे न्यावं. कान सुकला तरी औषध पुरं करावं. पोरीपुढें बसून, तोंड दाखवून बोलावं. मारूं नये."

भिवरेनं वसा घेतला. वैदीण म्हणाली, "रोग आंत शिरलाय, म्हणून तोल जातो. आणखी थांबतीस तर पोर हातची जाती." औषध सुरू झालं. कान सुकला. सासू म्हणाली, "आतां पुरे." भिवरेनं औषध सोडलं. कान पुन्हां वाहिला, पोर पुन्हां पडली. मग भिवरेनं मनोमन कानाईचे पाय धरले, सासूला म्हणाली, "सासूबाई, रागावा, पण मी आतां थांबायची नाहीं." औषध पुरं केलं.

भोंवळ गेली. उजवा कान गेला तो गेला, पण डावा वांचला. ठकी आळींतून धांवली, दारापाशीं थबकली. "मावशी, चिमण्या किती गं कलकलाट करतात!" भिवरेनं तिला पोटाशीं धरलं, दोघी हंसतां हंसतां रडल्या.

जशी कानाई ठकीला पावली, तशी तुम्हां-आम्हां लेकुरवाळ्यांना पावो. ही बहुतां बोलांची कहाणी, थोडक्या बोलीं सुफळ संपूर्ण.